आमद, आवर्द आणि ताडीवाला रोड

उर्दू शायरीची पारख करणारे जुने लोक शेराचे दोन प्रकार मानीत. एक आमदचा, दुसरा आवर्दचा. आमद म्हणजे जे आपणहून आले ते. आवर्द म्हणजे जे ओढून आणले ते. शायर एकच असतो, पण त्याच्याच दीवानात काही शेर आमदचे निघतात, काही आवर्दचे. ऐकणाऱ्याला फरक कळतो. कसा कळला, हे मात्र त्याला सांगता येत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवतो. वरच्या वर्गांना हा भेद समजावून सांगताना मीर आणि गालिब यांची उदाहरणे देण्याची पद्धत आहे, ती आम्हीही पाळतो. पण गेली काही वर्षे वर्गातली मुलेच एक वेगळे उदाहरण पुढे करतात. ते उदाहरण म्हणजे पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेला अल्ताफ, अर्थात एमसी स्टॅन.

हे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे आम्ही गृहीत धरतो. गळ्यात साखळ्या, तोंडात शिव्या, आणि त्याची चर्चा साहित्याच्या वार्षिकात? हरकत रास्त आहे, आणि शिव्यांचे समर्थन करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर आज जी कविता सर्वांत जास्त आहे, ती हीच आहे. नझीर अकबराबादी रोटीवर, पतंगांवर, मेळ्यांवर लिहीत असे, तेव्हा शेफ्तासारख्या जाणकाराने त्याला बाजारू ठरवले होते. आज त्याच नझीरचे ‘आदमीनामा’ शाळेतली मुले पाठ करतात. म्हणून दार लावून घेण्याआधी दाराबाहेर काय चालले आहे ते ऐकावे, एवढाच आमचा आग्रह.

शिरूर हे पुणे जिल्ह्याच्या कडेचे तालुक्याचे गाव. जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. गावाला रेल्वे नाही. पुण्याला जायचे तर एसटीने सत्तरेक किलोमीटर, नाहीतर दौंड गाठून तिथून गाडी. दौंडची गाडी पुणे स्टेशनला लागते आणि त्या स्टेशनला खेटूनच ताडीवाला रोडची वस्ती आहे. आमच्या मुलांपैकी कितीतरी जणांचे मामू, खाला, फुफू अशाच वस्त्यांतून राहतात. ईदला, लग्नाला मुले तिकडे जातात आणि येताना तिथली बोली घेऊन येतात. त्यांच्या वडिलांपैकी कुणी रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला, कुणाचे गॅरेज, कुणाची फळांची गाडी. तेव्हा ताडीवाला रोडचा एक मुलगा देशभर गाजतो, याचा अर्थ आमच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

थोडा मागचा हिशेब मांडतो. आमच्या लहानपणी रॅप म्हणजे बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’. ते १९९२चे. पोरे ते गंमत म्हणून गात. पुढे आम्ही कॉलेजात होतो तेव्हा हनी सिंगचा जमाना आला. त्यातली गाडी, दारू आणि पार्टी आमच्यापैकी कुणाच्याच घरची नव्हती. मग २०१३ साली अंधेरीच्या डिव्हाइनचे ‘ये मेरा बॉम्बे’ आले. २०१४ साली कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, आयपॅडवर चित्रीकरण करून ‘आफत’ काढले. २०१५ साली दोघांनी मिळून ‘मेरे गली में’ केले. या गाण्यांतली गल्ली खरी होती, भाषाही खरी होती. गल्लीतला पोरगा ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत तो गातो आहे, हे प्रथमच ऐकू आले. २०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपट आला आणि जे कुर्ल्यात होते ते शिरूरच्या पानटपरीवर आले.

स्टॅनचा उदय याच काळातला. लहानपणी तो कव्वाली गात असे, असे सांगितले जाते. ते खोटे वाटत नाही. त्याच्या गाण्यात एकच ओळ वेगवेगळ्या वजनाने उलटसुलट फिरवण्याची जी सवय आहे, ती कव्वालीची तकरार ऐकलेल्या कानाला ओळखीची वाटते. ‘वाटा’, ‘खुजा मत’ ही त्याची सुरुवातीची गाणी. २०२० साली ‘तडीपार’ हा त्याचा पहिला अल्बम आला.

या नावाजवळ क्षणभर थांबले पाहिजे. तडीपार हा पोलिसांच्या कागदावरचा मराठी शब्द. ज्याला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवले तो तडीपार. वस्तीतल्या प्रत्येक पोराने हा शब्द कुणा ना कुणाच्या बाबतीत ऐकलेला असतो. तो शब्द उचलून स्टॅनने आपल्या पहिल्या कमाईवर लावला. त्या गाण्यांची भाषा ना शुद्ध हिंदी, ना उर्दू, ना मराठी. आमच्या घरांतून बोलली जाते ती खिचडी. त्यात ‘राव’ आहे, ‘शेमडी’ आहे, ‘हक से’ आहे. ‘शेमडी’ म्हणजे आपलाच ‘शेंबडी’. पुढे हा शब्द दूरचित्रवाणीवरून लखनौ-पाटण्यापर्यंत गेला. मराठीचा एक शब्द देशभर पोहोचवण्याचे काम एका मुसलमान पोराने केले आणि त्याबद्दल त्याला कोणी शाल-श्रीफळ दिले नाही, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते.

‘तडीपार’मध्ये दोष नाहीत असे नाही. शिव्या आहेत, उगाचच्या धमक्या आहेत, काही ठिकाणी शब्द इतके तोंडातल्या तोंडात आहेत की तीनदा ऐकावे लागतात. पण त्यात एक गोष्ट आहे, जी मागून मिळत नाही. तो जे सांगतो ते त्याने पाहिलेले आहे. पोलीस, उधारी, मित्राची दगाबाजी, घरच्यांचे टोमणे. हे कोणी त्याला लिहून दिलेले नव्हते. ही आमद.

२०२२ साली दुसरा अल्बम आला, ‘इन्सान’. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तो बिग बॉसच्या घरात गेला आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी जिंकून बाहेर आला. बक्षीस एकतीस लाख ऐंशी हजार रुपये आणि गाडी. उपविजेता अमरावतीचा शिव ठाकरे. त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात फटाके वाजले. घराच्या आत मात्र तो बहुतेक वेळ गप्प बसे, घरी जातो म्हणे, आणि लोक त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा करीत. बूट ऐंशी हजारांचे आणि माणूस उदास. हे दृश्य आमच्या मुलांनी चार महिने पाहिले. त्यातून त्यांनी काय घेतले, बूट की उदासी, हा प्रश्न आम्हाला आजही पडतो.

तेव्हापासून मुलांमध्ये एक वाक्य फिरते आहे. आमचा एक माजी विद्यार्थी रांजणगावला पॅकिंगच्या कामाला आहे. सुटीच्या दिवशी एसटी स्टँडजवळ भेटतो. एकदा म्हणाला, “सर, पहले वो हमारी बात करता था, अब अपनी बात करता है.” शेजारी उभा असलेला त्याचा दोस्त हसून म्हणाला, “अबे, गाना वहीच है. हम बड़े हो गए.”

दोन्ही मते ऐकून घेण्यासारखी आहेत. दुसऱ्या मताचा आधी विचार करू. चौदाव्या-पंधराव्या वर्षी कानावर पडलेले गाणे हाडात शिरते. त्या वयात मुलगा गाणे ऐकत नसतो, गाण्यातून स्वतःला ऐकत असतो. ‘तडीपार’ आला तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता तो आता कमावता आहे. शिफ्ट, हप्ता आणि बहिणीचे लग्न त्याच्या डोक्यात आहे. त्याला आता कोणतेच गाणे पहिल्यासारखे लागणार नाही. शिवाय जो कलाकार सगळ्यांच्या आधी आपल्याला सापडला, तो सगळ्यांचा झाला की थोडा रागही येतो. ‘पहिला स्टॅनच खरा’ असे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे दुःख हे गाण्याचे नसून मालकी गेल्याचे आहे. एवढी वजावट केल्यावर जे उरते त्याचाच विचार करायचा.

आणि काहीतरी उरते. कारागिरी म्हणाल तर ‘इन्सान’ पहिल्यापेक्षा सफाईदार आहे. आवाजावर ताबा आहे, ताल पक्का आहे, यंत्राने सूर वळवण्याची तऱ्हा त्याला आता पूर्ण उमगलेली आहे. ते ऑटोट्यून नावाचे यंत्र १९९७ सालचे. बेसूर झाकण्यासाठी निघाले आणि पुढे लोकांनी त्याचाच एक सूर केला. स्टॅनने त्यातून आपल्या आवाजात एक रडवेपणा आणला, तो नक्कल करणाऱ्या कित्येकांना साधलेला नाही. मग कमी काय झाले? आमच्या मते जागा कमी झाली. पहिल्या अल्बममध्ये एक अख्खी वस्ती होती. दुसऱ्यात बराच वेळ एक खोली आहे, आणि त्या खोलीत तो एकटा आहे. जळणारे लोक, बदललेले दोस्त, आलेला पैसा. हेही अनुभवच आहेत, खोटे नाहीत. पण प्रसिद्ध माणसाचे दुःख दुसऱ्या प्रसिद्ध माणसाच्या दुःखासारखेच असते. ताडीवाला रोडचे दुःख मात्र फक्त ताडीवाला रोडचे होते.

याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिले कारण साधे आहे. पहिल्या अल्बमच्या मागे माणसाचे वीस वर्षांचे जगणे असते. दुसऱ्याच्या मागे दोन वर्षे, आणि त्यातले निम्मे दिवस कार्यक्रमांच्या प्रवासात गेलेले. विहीर वीस वर्षे भरत होती, ती एका हंगामात उपसली. पुन्हा भरायला वेळ द्यावा लागतो. बाजार तो वेळ देत नाही.

दुसरे कारण बाजाराचे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले. गाणे आता सबंध ऐकले जात नाही. त्यातले पंधरा-वीस सेकंद कापून त्यावर लोक आपले चेहरे हलवतात. मुशायऱ्यात ज्याला हासिल-ए-गझल शेर म्हणतात, तेवढा एकच शेर हवा, बाकी गझल नको, असे म्हणण्यासारखे हे झाले. मग शायर काय करणार? एक शेर चमकवणार आणि उरलेल्या जागी भरतीचे शेर टाकणार. भरतीचा शेर ही जुनी संज्ञा आहे. तेव्हा ती दोष म्हणून वापरीत. आता तोच धंद्याचा नियम झाला आहे.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते आमच्या ध्यानात आले ते कोणत्या ग्रंथातून नव्हे, आमच्या वर्गात.

दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वहीच्या मागच्या पानावर रॅप लिहायचा. तेही नस्तालीकमध्ये, उजवीकडून डावीकडे, मधेच इंग्रजी शब्द उर्दू लिपीत. त्याने एकदा ऑफ तासाला लिहिलेले म्हणून दाखवले. मतलब असा होता की अब्बा रात्रपाळी करून येतात तेव्हा आम्ही शाळेला निघालेले असतो, आम्ही परततो तेव्हा ते निघालेले असतात. एका घरात राहतो पण भेट जुम्म्यालाच होते, आणि घरात त्यांच्या चपलांवरूनच कळते की ते आहेत की नाहीत. वर्ग शांत झाला. कुणीतरी मागून म्हणाले, “ये तो अपने घर का है बे.” काफिया चुकला होता, वजन दोन जागी पडले होते, पण ती आमद होती.

मित्रांनी त्याचे चित्रीकरण करून मोबाइलवर टाकले. काही हजार लोकांनी ते पाहिले. मुलाची मान ताठ झाली. महिनाभरात त्याने दुसरे लिहिले, मग तिसरे. तिसऱ्यात दुबई होती, काळी गाडी होती आणि दुश्मन होते. काफिये आता बिनचूक होते. म्हणून झाल्यावर एका पोराने विचारले, “तेरे को दुश्मन कौन है रे? तेरे पीछे तो बस किराणेवाला है, उधारी के लिए.” सगळा वर्ग हसला. मुलगा लाल झाला.

वीस वर्षांच्या कारकिर्दीत रॅपरचे जे होते ते आम्ही एका शैक्षणिक वर्षात पाहिले. आणि त्या हसण्यातच तिसरे कारण होते. पहिल्या गाण्याच्या वेळी समोर बसलेले श्रोते असे होते की त्यांना खोटे पकडता येत होते. त्यांनी त्याचे घर पाहिले होते, त्याच्या अब्बांच्या चपला पाहिल्या होत्या. मोबाइलवरच्या हजारो लोकांना ते पकडता येणे शक्य नव्हते. त्यांनी दुबईवरही तितकेच बदाम पाठवले जितके चपलांवर पाठवले होते. ज्या कवीसमोर त्याचे खोटे पकडणारा कोणी बसत नाही, त्याची कविता घसरणीला लागते, मग तो दहावीतला मुलगा असो की कोट्यवधींचा लाडका रॅपर. स्टॅनच्या पहिल्या गाण्यांचे परीक्षक त्याच्या वस्तीतलेच लोक होते. आता त्याचे परीक्षक कोण? आकडा. आकड्याला खरे-खोटे कळत नाही.

आपल्या परंपरेत या दुखण्यावर इलाज होता. त्याला इस्लाह म्हणत. शागिर्द आपला कलाम उस्तादापुढे ठेवी, उस्ताद एक शब्द काढी, एक घाली, कधी सबंध शेरावर काट मारी. तरुण इक्बाल पंजाबातून हैदराबादला दाग देहलवींकडे गझला टपालाने पाठवीत आणि दुरुस्त करून घेत. गालिबचे उदाहरण तर त्याहून थोर. त्याने पहिल्या पंचविशीत डोंगराएवढे लिहिले, कठीण, फारसीने लदलेले. १८४१ साली दीवान छापला तेव्हा त्यातले कितीतरी त्याने स्वतःच्या हाताने गाळून टाकले. ते गाळलेले पुढे १९२१ साली भोपाळहून नुस्खा-ए-हमीदिया या नावाने प्रसिद्ध झाले, म्हणून आपल्याला कळते की त्याने काय काय टाकले. तो स्वतःच स्वतःचा उस्ताद झाला. वयाबरोबर कलाम उतरणीलाच लागतो असे नाही. कापण्याची हिंमत असेल तर तो चढतोही.

मराठीतही हे होते. आपल्याच जिल्ह्यातल्या जेजुरीचा सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान, पेशवाईच्या अखेरीस लावणी-पोवाडे गाजवणारा शाहीर. फडावर समोरचा शाहीर सवाल टाकी आणि भर सभेत जबाब द्यावा लागे. तिथे भरती चालत नसे. रॅपमध्ये एकमेकांची उणीदुणी काढणारी गाणी करतात. स्टॅन आणि एमिवे यांची जुगलबंदी आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. ती आम्हाला कलगी-तुऱ्याची दूरची भाची वाटते. फरक इतकाच की फडावर समोरासमोर बसावे लागे, आणि हरलेला मान खाली घाली. बार्शीच्या अमर शेखांचे, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल यांचे, उदाहरण तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचा आवाज अखेरपर्यंत घटला नाही, कारण ते अखेरपर्यंत त्याच लोकांपुढे गात राहिले ज्यांच्याविषयी ते गात होते. कामगारांची गाणी कामगारांपुढे म्हणायची असतील तर ऐंशी हजारांच्या बुटांची बढाई मारता येत नाही.

बाहेरचे एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कचा नास हा रॅपर. ‘गली बॉय’शी त्याचे नाव निर्माता म्हणून जोडलेले होते, तेव्हा आपल्या मुलांना तो अगदीच परका नाही. वयाच्या विसाव्या वर्षी, १९९४ साली, त्याने ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम काढला. आपल्या वस्तीच्या खिडकीतून जे दिसले ते लिहिले. मग पुढची पंचवीस वर्षे लोक म्हणत राहिले, पहिल्यासारखे नाही. २०२० साली ‘किंग्ज डिसीझ’ आला आणि २०२१ साली त्याला पहिल्यांदा ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. विशीतल्या पोराचे सोंग न करता त्याने आपल्या वयाचे लिहिले. विहीर पुन्हा भरली होती.

आपल्याकडे नेझीचा रस्ता वेगळा. ‘आफत’नंतर नाव झाले, आणि ऐन भरात असताना तो काही काळ गप्प बसला. ‘गली बॉय’ येण्याच्या सुमारास तो परतला, २०२२ साली ‘मगरिब’ हा अल्बम काढला. आकड्यांच्या शर्यतीत तो मागे पडला असे म्हणतात. पुढे २०२४ साली तोही बिग बॉसच्या ओटीटी पर्वात गेला आणि उपविजेता ठरला. गल्लीतून निघालेले दोन्ही रस्ते अखेर एकाच दिवाणखान्यात यावेत, ही गोष्ट मनाला चुटपुट लावते. पण त्याच्या गप्प बसण्याला आमच्या लेखी किंमत आहे. सांगण्यासारखे नसेल तेव्हा न सांगणे, हीसुद्धा एक इस्लाहच.

येथे दोन हरकतींना उत्तर दिले पाहिजे. पहिली, गरीब पोराने पैसा मिळवला तर तुमच्या पोटात का दुखते? मुळीच दुखत नाही. त्याच्या अम्मी-अब्बांना बरे दिवस आले, याचा आम्हाला आनंदच आहे. कवीने उपाशी राहावे आणि आम्ही त्याच्या उपासावर वाहवा करावी, असे म्हणणारे आम्ही नव्हेत. आमचे म्हणणे इतकेच की बंगल्यातून लिहायचे तर बंगल्याचे खरे लिहावे. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६चे. त्यांना पुढे मानसन्मान मिळाले, म्हणून त्यांनी गिरणगावची बढाई किंवा किळस लिहिली नाही. साहिर चित्रपटांत गेले, पैसे मिळवले, पण शायरीला बरोबर घेऊन गेले. तेव्हा सुबत्ता आणि सुमार कविता यांची गाठ बांधलेलीच आहे असे नाही.

दुसरी हरकत आमच्या वर्गातल्या मुलींची. आमदची चर्चा चालली असताना एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पहला अच्छा, दूसरा खराब, ठीक है. पर दोनों में हम किधर हैं?” वर्गातल्या मुलांना उत्तर सुचले नाही. खरेच आहे. ज्या गाण्यांना आम्ही वस्तीची खरी गाणी म्हणतो, त्यांत वस्तीतल्या बायका एक तर अम्मी असतात, नाहीतर बेवफा. पाण्याच्या रांगेतली, बिड्या वळणारी, शिलाई मारणारी, दहावीनंतर शाळा सोडावी लागलेली मुलगी त्यात नाही. अर्धी वस्ती गाळून उरलेली वस्ती संपूर्ण म्हणता येईल काय? गोवंडीची सानिया डोक्यावर हिजाब घेऊन रॅप करते, हे आम्ही मुलींना सांगितले तेव्हा दोघीतिघींनी लगेच नाव लिहून घेतले. स्टॅनच्या कारकिर्दीचा चढउतार मोजताना ही फूटपट्टीसुद्धा लावली पाहिजे. या एका बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये आम्हाला फारसे अंतर दिसले नाही.

आता कोणी म्हणेल, एका रॅपरचा दर्जा उतरला की टिकला, याची एवढी चिकित्सा एका शाळामास्तराने का करावी? त्याचे कारण आमच्या मुलांच्या भाषेत आहे. उर्दू माध्यमात शिकणारे तालुक्याच्या गावातले मूल तीन-चार भाषांच्या मधोमध उभे असते. उर्दू लिहिता येते, पण गावच्या बाजारात ती चालत नाही. मराठी बोलता येते, पण परीक्षेत तिचीच धास्ती. इंग्रजीची भीती तर वेगळीच. आणि घरात जी बोलतो ती भाषा ‘भाषा’ आहे, असे त्याला कुणी कधी सांगितलेले नसते. दहावीनंतर शाळेचा हात सुटतो तेव्हा यातली बरीच मुले मुकी होऊन कारखान्याच्या फाटकातून आत जातात. ‘तडीपार’ने या मुलांना पहिल्यांदा असे सांगितले की तुमच्या घरातली खिचडी भाषा गाता येते, लिहिता येते, आणि लोक ती ऐकतात. एखाद्या उर्दू किंवा मराठी पाठ्यपुस्तकाला जे जमले नाही, ते या शिवराळ अल्बमने केले. म्हणूनच तोच गळा जेव्हा वस्ती सोडून फक्त स्वतःकडे वळतो, तेव्हा त्याच्यामागे हजारो कोवळे गळे वळतात. ज्याच्याजवळ सायकल आहे तो गाडीवर लिहू लागतो. पुन्हा मुका होतो, फक्त या वेळी मोठ्या आवाजात.

त्या मुलाच्या तिसऱ्या रॅपवर आम्ही इस्लाह केली. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला, हे तू पाहिलेस काय? तो वही उचलून रागाने गेला. पंधराएक दिवसांनी परत आला. या वेळी किराणेवाल्याच्या उधारीच्या वहीवर लिहिले होते. अब्बांचे नाव त्या वहीत कसे लिहिले आहे, आकड्यांपुढे अम्मीचा अंगठा कसा उमटला आहे. ज्या पोराने त्याची थट्टा केली होती त्याने ते दोनदा म्हणायला लावले. ते मोबाइलवर टाकले की नाही आम्ही विचारले नाही.

त्याची आई एकदा शाळेत आली होती. म्हणाली, “सर, इससे पेट भरेगा क्या?” आम्ही म्हणालो, नाही भरणार. एक स्टॅन होतो तेव्हा हजारो पोरे नुसत्या टोप्या उलट्या घालून फिरतात, हे आम्ही तिच्यापासून लपवले नाही. पण मुलगा आपल्या बापाच्या चपलांकडे बघून काही लिहू शकतो, तर तो बापाला समजून घेतो आहे, आणि असा मुलगा सहसा वाया जात नाही, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. जाताना विचारले, “आयटीआय में उर्दूवालों को लेते ना?” लेते हैं, असे आम्ही म्हटले. आता तो फिटरचा कोर्स करतो. लिहितो क्वचित.

स्टॅन अजून तिशीच्या आतला आहे. नासच्या हिशेबाने पाहिले तर त्याचे अर्धे आयुष्यसुद्धा लिहून झालेले नाही. विहीर भरायला त्याला वेळ मिळो, आणि ‘हे तू पाहिलेस काय’ असे विचारणारा कुणी त्याच्याजवळ असो, अशी आमची दुआ आहे. तो नाही आला परत, तरी चालेल. दौंडच्या गाडीत, रांजणगावच्या कॅन्टीनमध्ये, घोडनदीच्या पुलावर वहीच्या मागच्या पानावर कुणीतरी उजवीकडून डावीकडे लिहीतच असेल. त्याचा काफिया चुकला तर आम्ही दुरुस्त करू. पाहिलेले मात्र त्याचे त्यालाच आणावे लागेल.